बीना–ग्वाल्हेर, रात्रीचे दोन तेहतीस

३० जुलै २०१२, सोमवार. रात्रीचे दोन वाजून तेहतीस मिनिटे झाली होती. सागर जिल्ह्यातल्या बीनाच्या उपकेंद्रातून ग्वाल्हेरकडे निघालेली ४०० केव्हीची वाहिनी ट्रिप झाली. तिच्यावर वीज पडली नव्हती. तार तुटली नव्हती, इन्सुलेटर फुटला नव्हता, झाडाची फांदीही टेकली नव्हती. नंतर सगळ्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हाही वाहिनीवर दोष सापडला नाही. पण तिच्या राखणीला बसवलेल्या डिस्टन्स रिलेने दोष असल्याचा निवाडा दिला आणि ब्रेकर उघडला. त्यानंतरच्या चारेक सेकंदांत काश्मीरपासून उत्तर प्रदेशापर्यंतचा उत्तर भारत उरलेल्या देशापासून तुटला आणि अंधारात गेला.

दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एक वाजता, हीच वाहिनी तशीच गेली. या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. ज्या प्रदेशात साठ कोटींच्या आसपास माणसे राहतात तो प्रदेश काही तास विजेविना होता. जगाच्या इतिहासात एका वेळी इतक्या लोकांची वीज कधी गेली नव्हती.

त्या दोन्ही दिवशी माळव्यातले धार आणि देवास ज्या जाळ्याला जोडलेले होते ते मात्र टिकले. हे दोन्ही जिल्हे पश्चिम विभागाच्या जाळ्यात येतात, आणि पश्चिम विभाग शाबूत राहिला. हा प्रसंग एरवी दिल्लीच्या अंधारातून सांगितला जातो. तो माळव्याच्या बाजूने सांगायला हवा, कारण उत्तरेकडे वाहत जाणारी वीज माळव्याच्या आणि बुंदेलखंडाच्या अंगावरूनच जात होती आणि तुटली ती इथेच.

या वाटेची मराठी माणसाला जुनी ओळख आहे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला चिमाजीअप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला, तो लढाईत पडला, आणि नर्मदेपलीकडचा मुलूख मराठ्यांना मोकळा झाला. उदाजी पवार त्या मोहिमेत होते. पुढे धार आणि देवास पवारांकडे, इंदूर होळकरांकडे, उज्जैन आणि मग ग्वाल्हेर शिंद्यांकडे अशी वाटणी झाली. दख्खनेतून निघालेल्या फौजा नर्मदा उतरून सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर, आग्रा अशा मजला मारत दिल्लीकडे जात. सिरोंजपासून बीना फार लांब नाही. विजेच्या अभियंत्यांनी बीना–ग्वाल्हेर–आग्रा ही वाहिनी आखली तेव्हा त्यांच्यासमोर फौजांचा नकाशा नव्हता, पण चंबळेची घळ, विंध्याचा माथा आणि मधली शहरे जिथल्या तिथेच होती.

अमझेरा आज धार जिल्ह्याच्या सरदारपूर तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात राजगडला ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या १,२०० मेगावॅटच्या वीजगृहातून मध्य प्रदेशाच्या वाट्याची वीज तिथे येते, महाराष्ट्राच्या वाट्याची धुळ्याला जाते. मध्य प्रदेशाचा हिस्सा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा १६. त्या ५७ टक्क्यांची किंमत धार जिल्ह्याने जमिनीने मोजली आहे. कुक्षी तालुक्यातले निसरपूर आणि चिखलदा २०१९ साली धरण पूर्ण भरले तेव्हा पाण्याखाली गेले. विजेच्या जाळ्याचा इतिहास लिहिताना या गावांची नावे गाळून पुढे जाणे मला जमत नाही.

राजगड, इंदूर, नागदा असे हे जाळे माळव्यात विणले गेले. इटारसीहून इंदूर आणि इंदूरहून गुजरातेत आसोजपर्यंत ४०० केव्हीच्या वाहिन्या गेल्या, नागद्याहून देहगामला गेल्या आणि नागद्याहून शुजालपूरमार्गे देवासच्या उत्तर अंगाने बीनाला गेल्या. बीनाहून पुढे उत्तर विभाग. पूर्वी विभागाविभागांत अशी थेट सोयरीक नव्हती. १९८९ साली विंध्याचलला पश्चिम आणि उत्तर विभाग जोडले गेले, पण ते एकदिश प्रवाहाच्या दुव्याने. त्यात दोन्ही बाजूंची स्पंदनसंख्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी, स्वतंत्र राहते. एका बाजूचे दुखणे दुसऱ्या बाजूला जात नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वाहिन्यांनी पश्चिम-पूर्व-ईशान्येच्या जाळ्याशी एकजीव झाला. त्या दिवसापासून कोयनेचे, सिंगरौलीचे, भाक्राचे आणि आसामातले यंत्र एकाच तालावर फिरू लागले. वीज कुठूनही कुठेही नेता येऊ लागली. गडबडही.

२०१२ च्या जुलैअखेर देशाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या हालती होत्या. उत्तरेत पाऊस ओढ देऊन बसला होता. पंजाब-हरियाणात भाताची रोपे उभी होती आणि ती जगवायला बोअरचे पंप दिवसरात्र चालू होते. उकाड्याने शहरांची मागणीही वर होती. पश्चिमेत पावसामुळे शेतीची मागणी खाली आली होती. धार-देवासकडे खरिपाला सोयाबीन असते, आणि पाऊस लागल्यावर सोयाबीनला पंप लागत नाही. माळव्याचा शेतकरी खरा वीज ओढतो तो हिवाळ्यात, गव्हाला पाणी देताना. त्यामुळे पश्चिमेची राज्ये ठरलेल्यापेक्षा कमी वीज घेत होती आणि उत्तरेची जास्त. मधला फरक वाहिन्यांवरून उत्तरेकडे धावत होता.

धावायला वाटा मात्र थोड्या उरल्या होत्या. पश्चिम-उत्तर जोडणाऱ्या कितीतरी वाहिन्या या ना त्या कारणाने बंद होत्या. बीना–ग्वाल्हेर–आग्रा मार्गावर दोन वाहिन्या आहेत, त्यातली एक ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बंद ठेवलेली. सारा लोंढा उरलेल्या एकीवर. २९ जुलैच्या दुपारी असाच एक प्रसंग येऊन गेला होता आणि जाळे थोडक्यात वाचले होते. मुंबईतल्या पश्चिम विभागीय भार प्रेषण केंद्रातून राज्यांना निरोप जात होते की निर्मिती कमी करा. दिल्लीच्या केंद्रातून उत्तरेच्या राज्यांना निरोप जात होते की ओढ कमी करा. चौकशी समितीने पुढे नोंदवले की राज्यांच्या केंद्रांकडून या निरोपांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही.

आता त्या रिलेकडे वळू, कारण पुढचे सगळे तिच्या स्वभावावर अवलंबून आहे.

लांब वाहिनीवर कुठेतरी शॉर्ट झाले, तर ते कुठे झाले हे उपकेंद्रात बसून कसे कळावे? तारेला तिचा स्वतःचा अडथळा असतो. ४०० केव्हीच्या वाहिनीला किलोमीटरमागे साधारण ०.३ ओहम धरला तर शंभर किलोमीटरला ३० ओहम होतात. दोषाच्या जागी तारेचा दाब जवळजवळ शून्यावर येतो, म्हणून उपकेंद्रातला दाब आणि तिथून जाणारा प्रवाह यांचा भागाकार केला की जितके ओहम येतात तितकाच तारेचा तुकडा मध्ये आहे असे समजायचे. १८ ओहम आले तर दोष साठ किलोमीटरवर. डिस्टन्स रिले हेच करते आणि अखंड करते. यार्डातले पीटी लाखो व्होल्टचा दाब ११० व्होल्टच्या मापात उतरवून देतात, सीटी हजारो अँपिअरचा प्रवाह एका अँपिअरच्या मापात देतात, आणि कंट्रोल रूममधल्या पॅनेलमध्ये बसलेली रिले त्या दोघांचा भागाकार करत राहते. उत्तर ठरलेल्या आकड्याखाली आले की तिचा संपर्क जुळतो. बॅटरी रूममधल्या बॅटरीचा डीसी प्रवाह ब्रेकरच्या ट्रिप कॉइलमध्ये जातो, खटका सुटतो, आणि एसएफ-६ वायूने भरलेल्या कोठीत ब्रेकरचे संपर्क एकमेकांपासून दूर होतात. रिलेला निवाड्यासाठी सेकंदाचा तिसावा-चाळिसावा हिस्सा पुरतो, ब्रेकरलाही तितकाच. उपकेंद्रात काम केलेली माणसे सांगतात की ४०० केव्हीचा ब्रेकर उघडल्याचा धडाका कंट्रोल रूमच्या बंद दारातूनही छातीत जाणवतो. जुन्या यांत्रिक रिलेंच्या काचेमागे एक लहानसा झेंडा असे. ऑपरेटर धावत येऊन आधी बघायचा कुठला झेंडा पडला आहे, लॉगबुकात लिहायचा आणि मगच हात लावायचा. आता झेंड्याच्या जागी दिवे आणि पडद्यावरच्या ओळी आल्या, पण आधी वाचायचे आणि मग हात लावायचा, ही शिस्त तीच आहे.

रिलेची नजर कुठवर जावी हे झोनमध्ये ठरवलेले असते. पहिला झोन आपल्या वाहिनीच्या साधारण ८० टक्के लांबीचा. तिथे दोष दिसला तर थांबायचे नाही. दुसरा झोन वाहिनीच्या टोकापलीकडे थोडा जातो, तिथे सेकंदाचा तिसरा-चौथा हिस्सा वाट पाहायची. तिसरा झोन पुढच्या उपकेंद्राच्याही पलीकडे, तिथून निघणाऱ्या वाहिनीच्या टोकापर्यंत पोचतो. तो साधारण सेकंदभर थांबतो. शेजारच्या घराचा राखणदार झोपला असेल तर त्या घरावरही लक्ष ठेवणारा हा राखणदार. हेतू चांगलाच. पुढच्या उपकेंद्रातली रिले चालली नाही किंवा ब्रेकर अडकला, तर दोष तसाच जळत राहू नये.

अडचण अशी की रिलेला दोष दिसत नाही, फक्त भागाकार दिसतो. ४०० केव्हीच्या दाबावर हजार अँपिअर वाहत असतील तर एका फेजचा भागाकार २३१ ओहम येतो. दाब ३७४ केव्हीपर्यंत उतरला आणि प्रवाह दीड हजार अँपिअरवर गेला, तर तोच भागाकार १४४ ओहमांवर येतो. तार तीच, कुठेही शॉर्ट नाही, फक्त भार वाढला आणि दाब खचला. लांब वाहिनीवर तिसऱ्या झोनची नजर जर इतकी लांब लावलेली असेल की १४४ ओहम तिच्या आत बसतात, तर रिले तिला सांगितल्याप्रमाणे सेकंदभर वाट बघेल आणि वाहिनी तोडेल. बीना–ग्वाल्हेर ही सव्वादोनशे किलोमीटरहून लांब वाहिनी, तिच्यापुढे ग्वाल्हेर–आग्रा. अशा ठिकाणी तिसरा झोन फार दूर पाहतो.

त्या रात्री हेच घडले. बीनाच्या टोकाला दाब ३७४ केव्हीच्या आसपास उतरला होता. वाहिनीवर दोन रिले होत्या, मेन-१ आणि मेन-२. दोघींपैकी एकीने जरी हुकूम दिला तरी ब्रेकर उघडतो, कारण दोषाच्या वेळी एखादी आंधळी निघाली तर दुसरीने वाचवावे अशी ती योजना आहे. मेन-२ च्या तिसऱ्या झोनने हुकूम दिला. नोंदीत वेळ आहे २ वाजून ३३ मिनिटे ११.९०७ सेकंद. त्या क्षणी या एकजीव जाळ्याची फ्रिक्वेन्सी ४९.६८ हर्ट्झ होती. जाळे कोसळावे इतकी ती खाली नव्हती. पुढे वर्तमानपत्रांत कितीतरी दिवस लिहिले गेले की काही राज्यांनी हावरेपणाने वीज ओढली आणि देश अंधारात गेला. ओढ होती, हे खरे. पण देशात वीज अपुरी पडली म्हणून जाळे पडले असते तर फ्रिक्वेन्सीने ते आधी सांगितले असते. वीज होती. ती जाण्याची वाट तुटली.

वाट तुटल्यावर काय झाले ते सेकंदांच्या हिशेबात वाचावे लागते. बीनाची वाहिनी गेल्याबरोबर आसपासच्या २२० केव्हीच्या दुबळ्या जोडण्यांवर तो भार आला आणि त्याही गेल्या. ग्वाल्हेर आता बीनाकडून सुटून आग्र्याच्या बाजूला बांधले गेले. राजस्थान-गुजरात सीमेवरच्या भीनमाळ-कांकरोलीकडच्या वाहिन्या सुटल्या. पश्चिमेची वीज उत्तरेला जायला एकच लांबचा वळसा उरला, तो म्हणजे छत्तीसगड-ओडिशातून पूर्व विभागात आणि तिथून बिहारमार्गे उत्तर प्रदेशात. इतक्या लांबच्या वाटेने दोन प्रचंड यंत्रसमूह एकमेकांना ताल देऊ शकत नाहीत. ते एकमेकांच्या मागेपुढे डोलू लागले. अभियंते याला पॉवर स्विंग म्हणतात. डोलण्याच्या एका टप्प्यावर दोन्ही बाजू पूर्ण विरुद्ध येतात, आणि मधल्या कुठल्यातरी जागी दाब शून्याला टेकतो. तिथल्या रिलेला ते हुबेहूब आपल्या पायाशी शॉर्ट झाल्यासारखे दिसते. मग तिथे पहिला झोनही चालतो. गोरखपूर–मुझफ्फरपूर वाहिनी २ वाजून ३३ मिनिटे १५ सेकंदांनी गेली. उत्तर विभाग सुटा झाला. बाहेरून येत असलेली सुमारे ५,८०० मेगावॅट वीज एका झटक्यात थांबली.

अशा वेळेसाठी दुसरी एक राखण असते. फ्रिक्वेन्सी झपाट्याने पडू लागली की शहरांचे आणि गावांचे फीडर आपोआप कापून भार उतरवणाऱ्या रिले. उत्तरेत त्या बसवलेल्या होत्या, कागदावर त्यांची क्षमता पुरेशी होती, प्रत्यक्षात त्यांनी हवा तितका भार उतरवला नाही. वीजकेंद्रे एकामागून एक स्वतःला वाचवायला बाजूला झाली. दिल्लीतले बदरपूर आणि नरोरा अणुकेंद्राचा परिसर अशी काही बेटे तेवढी उरली.

इकडे पश्चिम विभागात उलटे संकट उभे राहिले. जी वीज उत्तरेला जात होती तिला गिऱ्हाईकच उरले नाही. यंत्रे जोरात फिरू लागली. फ्रिक्वेन्सी ५०.९२ हर्ट्झपर्यंत चढली, दुसऱ्या दिवशीच्या प्रसंगात तर ५१.४ पर्यंत. काही वीजकेंद्रे फ्रिक्वेन्सी जास्त झाली म्हणून आपोआप सुटली, बाकीच्यांची निर्मिती घाईने खाली आणावी लागली. त्या मिनिटांत माळवा, विदर्भ, गुजरात, मुंबई हे सगळे एकाच नावेत होते. पश्चिम विभाग आपोआप वाचला असे म्हणणे त्या रात्रीच्या ड्युटीवरच्या माणसांवर अन्याय आहे. जास्त झालेली वीज आवरणे कमी पडलेली वीज भरून काढण्याइतकेच कठीण असते. ते जमले नसते तर धार-देवासच काय, पुणे-नागपूरही त्या रात्री गेले असते.

जाळे पुन्हा उभे करायला वेळ लागतो, कारण कोळशाचे वीजकेंद्र एकदा थंडावले की त्याला सुरू व्हायलाच वीज लागते. पंप, पंखे, गिरण्या हे सगळे आधी फिरले पाहिजे. शेजारच्या विभागांतून थोडी थोडी वीज घेत, पाण्याची केंद्रे आधी चालू करत, रेल्वे आणि मेट्रोला आधी देत उत्तर विभाग सोमवारी दुपारी चारपर्यंत सावरला. एव्हाना शेकडो गाड्या रुळांवर खोळंबल्या होत्या.

आणि मंगळवारी दुपारी एकला बीना–ग्वाल्हेर परत गेली. पुन्हा तिसरा झोन, पुन्हा दोष नाही. एका दिवसात ना बंद वाहिन्या परत आल्या होत्या, ना ओढ कमी झाली होती, ना रिलेची नजर आखूड केली गेली होती. मला या दोन दिवसांतला सगळ्यात क्लेशदायक भाग हाच वाटतो. पहिला प्रसंग अनपेक्षित होता असे म्हणता येईल, दुसऱ्याबद्दल तसे म्हणता येत नाही. या वेळी डोलण्याचा मध्यबिंदू पूर्व विभागात, पश्चिमेच्या सीमेजवळ पडला, त्यामुळे वाहिन्या तिथे तुटल्या आणि पूर्व व ईशान्य दोन्ही उत्तरेच्या गळ्यात अडकले. तिन्ही मिळून बुडाले. सुमारे ४८,००० मेगावॅटचा भार गेला. बंगालमध्ये आसनसोलकडच्या कोळसाखाणींत माणसे जमिनीखाली अडकली, कारण लिफ्ट थांबल्या. त्यांना सुखरूप वर काढण्यात आले. रात्री साडेनऊपर्यंत जाळे पूर्ववत झाले.

त्या वेळी देशाचे ऊर्जामंत्री सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे होते. ३१ जुलैला, दुसऱ्या अंधाराच्याच दिवशी, त्यांच्याकडे गृहखाते गेले आणि ऊर्जाखाते वीरप्पा मोइलींकडे आले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली. तिने १६ ऑगस्ट २०१२ रोजी अहवाल दिला. इतक्या मोठ्या प्रसंगाचा इतक्या लवकर आणि इतका मोकळा अहवाल आपल्याकडे क्वचित येतो. त्याने दोष एकावर टाकला नाही. बंद असलेल्या वाहिन्या, एका वाहिनीवरचा अवाच्या सवा भार, राज्यांच्या भार प्रेषण केंद्रांचा अपुरा प्रतिसाद आणि दोष नसताना तिसऱ्या झोनने तोडलेली बीना–ग्वाल्हेर, अशी चार कारणे त्याने सांगितली.

चारही खरी आहेत. तरी मला चौथ्यापाशी थांबावेसे वाटते. 'रिलेने चूक केली' असे सहज म्हटले जाते. रिलेने चूक केली नाही. तिला जो आकडा दिला होता त्याच्याशी ती शेवटपर्यंत प्रामाणिक राहिली. वाहिनी तोडायची की नाही हा निर्णय ३० जुलैच्या रात्री बीनाला झालाच नाही. तो त्याआधी कधीतरी, एखाद्या टेबलावर, सेटिंगच्या तक्त्यात तिसऱ्या झोनसमोर ओहमचा आकडा लिहिला गेला तेव्हाच झाला होता. तो लिहिणाऱ्या अभियंत्यासमोर शेजारच्या उपकेंद्रातला अडकलेला ब्रेकर होता. दोन विभागांमधला सारा लोंढा एकाच तारेवरून जाईल अशी रात्र त्याच्यासमोर नव्हती. जाळे बदलले, आकडा राहिला.

हे जगात पहिल्यांदा घडत नव्हते. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी संध्याकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी कॅनडातल्या ओंटारियोत, नायगाऱ्याजवळच्या सर ॲडम बेक वीजकेंद्रातून निघालेल्या पाच वाहिन्यांपैकी एकीवरची रिले चालली. दोष नव्हता, भार वाढला होता. ती रिले १९६३ साली ज्या आकड्यावर लावली होती तो सुमारे ३७५ मेगावॅटचा. दोन वर्षांत वाहिन्यांवरचा भार त्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपला होता आणि ड्युटीवरच्या माणसांना तो आकडा ठाऊक नव्हता. उरलेल्या चारही वाहिन्या पाठोपाठ गेल्या. न्यूयॉर्कसह तीन कोटी लोक अंधारात गेले. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी ४ वाजून ५ मिनिटांनी ओहायोतली सॅमिस–स्टार ही ३४५ केव्हीची वाहिनी तिसऱ्या झोनने तोडली. तिथेही शॉर्ट नव्हते, प्रवाह जास्त होता आणि दाब खाली. तिथून पाच कोटी लोकांपर्यंत अंधार पसरला. त्यानंतर अमेरिकेत नियम झाला: दाब ८५ टक्क्यांवर उतरला आणि प्रवाह वाहिनीच्या आणीबाणीच्या क्षमतेच्या दीडपट झाला, तरी रिले भारावर चालता कामा नये. २०१२ च्या आधीच हा नियम लिहिला गेला होता. तो वाचून आपल्या प्रत्येक लांब वाहिनीचा तिसरा झोन तपासायला कुणाची मनाई नव्हती.

आपल्याकडे ती तपासणी २०१२ नंतर सुरू झाली. समितीने बाहेरच्या तज्ज्ञांकडून संरक्षणाची तपासणी करायला सांगितले. २०१३ साली एका कृतिगटाने ४०० आणि ७६५ केव्हीच्या वाहिन्यांसाठी तिसऱ्या झोनची मर्यादा, भारापासून त्याला वाचवायची सोय आणि डोलण्याच्या वेळी रिलेला रोखून धरायची सोय यांवर सविस्तर सूचना दिल्या. दोष आणि डोलणे यांतला फरक असा की दोषात भागाकार एकदम उडी मारून खाली येतो, डोलताना तो सरकत येतो. रिले ही सरकण्याची गती मोजू शकते. आजच्या डिजिटल रिलेत हे सगळे आहे, पण ते चालू ठेवायचे की बंद आणि कितीवर लावायचे हे आजही तक्त्यात कुणीतरी लिहितो.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिण विभागही उरलेल्या देशाशी एकजीव झाला. २०१२ साली दक्षिण वाचली ती वेगळी होती म्हणून, फक्त एकदिश प्रवाहाच्या दुव्यांनी जोडलेली होती म्हणून. आता कन्याकुमारीपासून लडाखपर्यंत एकच फ्रिक्वेन्सी आहे. बीना–ग्वाल्हेर–आग्रा मार्ग ७६५ केव्हीवर गेला, आणखी वाटा झाल्या, त्या दोन दिवसांसारखी एकाच तारेवरची कसरत उरली नाही.

पण माळव्यातले जाळे पुन्हा वेगळे होत आहे. देवासजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आधीपासून फिरतात. आगर, शाजापूर आणि नीमच जिल्ह्यांत १,५०० मेगावॅटचे सौरउद्यान उभे राहिले. सौरपॅनेलची वीज इन्व्हर्टरमधून येते. कोळशाच्या किंवा पाण्याच्या यंत्राजवळ शॉर्ट झाले तर ते नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह दोषात ओतते आणि डिस्टन्स रिलेचा भागाकार झपकन खाली येतो. इन्व्हर्टर स्वतःला जपतो, नेहमीपेक्षा जेमतेम थोडाच जास्त प्रवाह देतो. मग सौर बाजूच्या रिलेला खरा दोष उशिरा दिसू शकतो, चुकीच्या झोनमध्ये दिसू शकतो किंवा दिसतच नाही. २०१२ साली रिलेने नसलेला दोष पाहिला. आता धोका असा आहे की असलेला दोष तिच्या नजरेतून सुटेल. माळव्यातल्या या वाहिन्यांचे तक्ते बहुतांश अशा काळी लिहिलेले आहेत, जेव्हा वीज सिंगरौलीच्या कोळशातून, सातपुड्यातून किंवा नर्मदेतून येत होती. ते आकडे आता एकेका वाहिनीसाठी पुन्हा मोजावे लागणार आहेत, तेही लख्ख उन्हाच्या दुपारी आणि पॅनेल झोपलेल्या रात्री, असे दोन्ही वेळांसाठी वेगवेगळे.